मास्क बरोबर असूनही फिल्टर चुकीच्या जागी का दिसतो

माणसाच्या मागची पार्श्वभूमी धूसर करायची आहे, माणूस मात्र लख्ख हवा. फोटो संपादनाच्या प्रोग्राममध्ये लेयरवर (चित्राच्या एका थरावर) गॉसियन ब्लर हा धूसर करणारा फिल्टर लावला, त्याच लेयरला मास्क, म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाने झाकण्या-दाखवण्याचा पडदा, जोडला आणि माणसाच्या आकारात काळा रंग भरला. काळ्या जागेतला ब्लर नाहीसा होईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ब्लर जात नाही, माणूसच जातो आणि त्याच्या जागी बुद्धिबळाच्या पटासारखे करडे चौकोन दिसतात. मग मास्क उलटा करून बघितला जातो. आता माणूस परत येतो, पण धूसर होऊन, आणि पार्श्वभूमी गायब.

मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० (फुकट मिळणारा फोटो-संपादन प्रोग्राम) आलं आणि त्यात लावलेला फिल्टर नंतरही उघडून बदलता येऊ लागला. तेव्हापासून ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं ठरवलं. फोटोशॉपमध्ये स्मार्ट फिल्टर २००७ पासून, म्हणजे सीएस३ या आवृत्तीपासून आहेत, तरी तिथेही हाच घोळ वेगळ्या रूपात होतो. क्रिता या चित्रं रंगवायच्या प्रोग्राममध्येही होतो. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं आणि मास्कही बहुतेक वेळा चांगलाच रंगवलेला असतो. गडबड असते ती कोणती क्रिया आधी आणि कोणती नंतर, या क्रमाची.

प्रोग्राम प्रत्येक लेयरचा हिशेब ठरलेल्या क्रमाने करतो. आधी लेयरचे मूळ पिक्सेल घेतो. त्यांच्यावर फिल्टर चालवतो, अनेक असतील तर एकामागून एक. जे तयार होईल त्यावर लेयर मास्क ठेवतो. शेवटी ओपॅसिटी (लेयर किती आरपार दिसतो) आणि ब्लेंड मोड (मिसळायची रीत) बघून ते खालच्या लेयरमध्ये मिसळतो. म्हणजे मास्कच्या हाती येतं ते फिल्टरमधून बाहेर पडलेलं चित्र. फिल्टर कुठे लागावा हे सांगायला मास्क फार उशिरा पोचतो. दाखवायचं की झाकायचं, एवढंच त्याच्याकडे उरतं. झाकलं की खालचं दिसणार, आणि खाली काहीच नसेल तर करडे चौकोन दिसणार.

हा क्रम डोक्यात पक्का बसला की पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचं कारण त्याच्यातच सापडतं.

भोक बुजवायचं कसं

सगळ्यात साधा उपाय म्हणजे खाली काहीतरी ठेवणं. लेयरची प्रत काढा आणि ती ब्लर केलेल्या लेयरच्या खाली सरकवा. गिम्पमध्ये लेयरची प्रत काढली की त्याच्यावरचे फिल्टरही प्रतीत येतात, त्यामुळे खालच्या प्रतीवरचा ब्लर काढून टाकायला विसरू नका. हे विसरलं की मास्कमधून पुन्हा धूसर माणूसच दिसतो आणि उपाय चुकला असं वाटतं. फिल्टर काढण्यासाठी लेयर्स पॅनलमध्ये त्या लेयरच्या ओळीत उमटलेल्या ‘एफएक्स’ खुणेवर क्लिक करा. त्या लेयरवरच्या फिल्टरांची छोटी यादी उघडते. एखादा फिल्टर डोळ्याच्या खुणेने तात्पुरता बंद करणं, त्याचे आकडे बदलणं, त्याला वरखाली सरकवणं, पुसून टाकणं, हे सगळं तिथेच होतं.

दुसरा रस्ता सिलेक्शनचा, म्हणजे चित्रातला हवा तो भाग आधी निवडून घेण्याचा. फिल्टर लावताना सिलेक्शन चालू असेल तर गिम्प ते त्या फिल्टरपुरतं लक्षात ठेवतं आणि फिल्टर तेवढ्याच भागात चालवतं. झटपट कामाला हे चांगलं. पण ३.० मध्ये ती जपलेली सीमा नंतर ब्रशने दुरुस्त करता येत नाही. फिल्टरचे आकडे बदलता येतात, जागा बदलता येत नाही. केसांची कड चुकली तर फिल्टर काढा, सिलेक्शन पुन्हा करा, फिल्टर पुन्हा लावा. ज्या फोटोवर तासभरापेक्षा जास्त वेळ जाणार आहे तिथे मी हा रस्ता घेत नाही.

फोटोशॉपमध्ये लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ पिक्सेल आत जपणारं आवरण) करावा लागतो. मग फिल्टर त्याच्याखाली ओळीने दिसतो आणि त्याच्या वर एक वेगळा पांढरा चौकोन येतो. तो फिल्टर मास्क. लेयरच्या छोट्या चित्राशेजारी उभा असतो तो लेयर मास्क. दोन्ही दिसायला सारखे, काम निराळं. फिल्टर मास्कवर काळा रंग दिला की तिथला ब्लर जातो आणि खालचे मूळ पिक्सेल दिसतात, म्हणजे आपल्याला हवं असतं तेच. लेयर मास्कवर काळा दिला की भोक पडतं. घाईत चुकीच्या चौकोनावर क्लिक होतं आणि पुढचा अर्धा तास फिल्टरला दोष देण्यात जातो. रंगवायला सुरुवात करण्याआधी कोणत्या चौकोनाभोवती चौकट उमटली आहे ते बघायची सवय लावून घ्या.

फोटोशॉपच्या फिल्टर मास्कला आणखी एक मर्यादा आहे: एका स्मार्ट ऑब्जेक्टवर कितीही फिल्टर असोत, मास्क सगळ्यांना मिळून एकच. पार्श्वभूमीला ब्लर आणि चेहऱ्याला शार्पन (कडा ठळक करणारा फिल्टर) असं दोन ठिकाणी दोन फिल्टर हवे असतील तर एका मास्कमध्ये ते बसत नाही. अशा वेळी पहिल्या फिल्टरसकट पूर्ण लेयर पुन्हा स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा आणि दुसरा फिल्टर बाहेरच्या आवरणावर लावायचा, म्हणजे त्याला स्वतःचा मास्क मिळतो.

क्रिता या बाबतीत मला सगळ्यात समजूतदार वाटतं. तिथे फिल्टर मास्क म्हणजेच फिल्टर. पांढऱ्या जागेत तो लागतो, काळ्या जागेत लागत नाही, आणि हवा तेव्हा ब्रश घेऊन त्याची जागा बदलता येते. पण तिथेही क्रम सुटत नाही. एका लेयरखाली फिल्टर मास्क आणि ट्रान्स्परन्सी मास्क (लेयरचा भाग कापून झाकणारा) दोन्ही असतील तर त्यांचा हिशेब खालून वर होतो. ट्रान्स्परन्सी मास्क खाली असेल तर आधी कापलं जातं, मग धूसर होतं, त्यामुळे कापलेली कडही पसरते. तो वर असेल तर आधी धूसर, मग कापणं, आणि कड धारदार राहते. दोघांची नुसती अदलाबदल करून बघा. लेयर, फिल्टर आणि मास्क यांचं नातं समजायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

खांद्याभोवतीची लाल झालर

भोक बुजलं, मास्कही स्वच्छ आहे, तरीही माणसाच्या कडेने त्याच्याच कपड्यांच्या रंगाची एक धुरकट पट्टी पसरलेली दिसते. नवख्यांपासून मुरलेल्यांपर्यंत सगळे इथे अडकतात, आणि बहुतेक जण मास्क कोरत बसतात. मीही बसले होते. लाल स्वेटर घातलेली एक मुलगी, मागे करडी भिंत, ब्लरचा आकार २०. खांद्याच्या कडेने गुलाबीसर वलय. मी मास्क दोन पिक्सेलने आत घेतला, मग बाहेर ढकलला, कड मऊ केली, पुन्हा धारदार केली. वलय हललं नाही, कारण ते मास्कमध्ये नव्हतंच. ते ब्लर झालेल्या भिंतीत होतं.

गॉसियन ब्लर प्रत्येक पिक्सेलला त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी देतो. जवळच्या शेजाऱ्याचं वजन जास्त, लांबच्याचं कमी. गिम्पमध्ये आकार २० दिला की परिणाम साधारण त्याच्या तिप्पट, म्हणजे ६० पिक्सेलपर्यंत पोचतो. आता खांद्याला अगदी चिकटून असलेला भिंतीचा एक पिक्सेल घ्या. त्याच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला स्वेटर. कड सरळ असेल तर त्याच्या नव्या रंगात जवळजवळ निम्मा वाटा स्वेटरचा असतो. २० पिक्सेल लांब गेलं की तो वाटा सुमारे १६ टक्क्यांवर येतो, ४० पिक्सेलवर दोन टक्क्यांच्या आसपास. लाल रंग असा हळूहळू विरत जातो, म्हणूनच ते वलय इतकं मऊ दिसतं. मास्कने खांदा कितीही अचूक कापला तरी त्याच्या बाहेरची भिंत आधीच लाल झालेली असते. फिल्टर आधी, मास्क नंतर, हाच तो क्रम.

यावर खरा इलाज म्हणजे ब्लरला स्वेटर दिसूच द्यायचा नाही. त्यासाठी रचना उलटी करा. सगळ्यात वर लख्ख मूळ फोटो, त्याला मास्क, माणूस पांढरा आणि बाकी काळं. त्याच्या खाली पार्श्वभूमीची प्रत, आणि ब्लर फक्त तिच्यावर. या रचनेत मास्क एका लेयरवर राहतो आणि फिल्टर दुसऱ्यावर. दोन्ही हवे तेव्हा बदलता येतात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. फक्त पार्श्वभूमीच्या प्रतीतून माणूस पुसावा लागतो. सगळा पुसायची गरज नाही. ब्लरच्या आकाराच्या तिप्पट रुंदीची पट्टी, आपल्या उदाहरणात ६० पिक्सेल, कडेपासून आतल्या बाजूला भिंतीने भरली की पुरतं. त्याच्या आतला लाल रंग बाहेरपर्यंत पोचत नाही, आणि तो वरच्या माणसाने झाकलेलाच असतो.

ही भरणी मूळ पिक्सेलवर करू नका. पार्श्वभूमीची प्रत एका लेयर ग्रुपमध्ये ठेवा, तिच्यावर एक रिकामा पारदर्शक लेयर घ्या, आणि क्लोन किंवा हील (एका जागेचे पिक्सेल उचलून दुसरीकडे रंगवणाऱ्या) टूलचा ‘सँपल मर्ज्ड’ पर्याय चालू करून त्या रिकाम्या लेयरवर भिंत रंगवा. ब्लर लावा तो ग्रुपवर. क्लोन करताना दोन गोष्टी बंद हव्यात: वरचा माणसाचा लेयर आणि ग्रुपवरचा ब्लर. सँपल मर्ज्ड म्हणजे डोळ्याला जे दिसतं ते उचलणं. ब्लर चालू असेल तर धूसर भिंत उचलली जाईल, तिच्यावर पुन्हा ब्लर चढेल, आणि भिंतीचा पोत तेवढ्याच जागी सपाट दिसेल. काम झालं की दोन्ही डोळे उघडा.

भिंत साधी नसून झाडाझुडपांची असेल आणि क्लोन करायला जीव कंटाळत असेल, तर एक दुसरी युक्ती आहे. पार्श्वभूमीच्या प्रतीत माणसाचं सिलेक्शन थोडं मोठं करून ते पिक्सेल खरोखर पुसून टाका, म्हणजे तिथे पारदर्शक होईल. आता ब्लर लावा. ब्लर पूर्ण पारदर्शक पिक्सेलचा रंग हिशेबात धरत नाही, त्यामुळे लाल मिसळत नाही. कड मात्र अर्धपारदर्शक होते. म्हणून या लेयरच्या तीन-चार प्रती एकावर एक ठेवा. अर्धपारदर्शक भाग एकमेकांवर साचून भरीव होतो आणि भिंतीचा रंग भोकाच्या आत सरकतो. वर माणूस ठेवला की काम झालं. इथे हे भोक मास्कने पाडून चालत नाही, कारण मास्क ब्लरनंतर येतो आणि ब्लरला तोवर स्वेटर दिसलेला असतो. पिक्सेल पुसायलाच हवेत. ही प्रतच असल्यामुळे ते पुसायला भीती नाही, मूळ फोटो सगळ्यात खाली डोळा बंद करून ठेवलेला असू द्या.

माणूस जमिनीवर उभा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पायाखालची जमीन माणसाइतकीच कॅमेऱ्याजवळ असते, ती धूसर झाली की माणूस कापून चिकटवल्यासारखा तरंगतो. ब्लर केलेल्या ग्रुपला मास्क द्या आणि त्यात पायाशी काळा, क्षितिजाकडे पांढरा असा ग्रेडियंट ओढा. खालचा मूळ फोटो मात्र तेव्हा डोळा उघडून ठेवावा लागतो.

मास्क पांढरा दिसतो, पांढरा नसतो

२५५ म्हणजे पूर्ण पांढरा, ० म्हणजे पूर्ण काळा. २४५ हा करडा आपल्या डोळ्याला पांढराच वाटतो. मऊ ब्रशने भरलेल्या मास्कमध्ये असे करडे ठिपके हमखास उरतात. सपाट भिंतीवर ते लपतात, पण केसांवर किंवा आकाशात डाग होऊन बाहेर येतात.

मास्क उघडा करून बघा. गिम्पमध्ये मास्कच्या छोट्या चित्रावर ऑल्ट धरून क्लिक केलं की पडद्यावर फक्त मास्क दिसतो आणि त्याची चौकट हिरवी होते. कंट्रोल धरून क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद होतो, चौकट लाल. फोटोशॉपमध्ये बघायला ऑल्ट, बंद करायला शिफ्ट. मास्क समोर आला की त्याच्यावर लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची पातळी बदलायची खिडकी) उघडा आणि काळ्या टोकाचा त्रिकोण तात्पुरता उजवीकडे पार शेवटापर्यंत ओढा. जे अगदी पांढरं नाही ते सगळं काळं होतं आणि विसरलेले ठिपके आकाशातल्या चांदण्यांसारखे उलटे उमटतात. ते कुठे आहेत हे लक्षात ठेवून लेव्हल्स रद्द करा आणि पांढऱ्या, कडक ब्रशने ते भरा. काळी बाजू तपासायला पांढऱ्या टोकाचा त्रिकोण डावीकडे ओढा.

केसांची कड कोरताना साधा ब्रश वापरला की करड्या बटा एकतर नाहीशा होतात किंवा ठोकळा होतात. मास्कवर डॉज (उजळ करणारं) आणि बर्न (गडद करणारं) टूल वापरा. डॉज ‘हायलाइट्स’वर ठेवून बटांवरून फिरवलं की उजळ असलेलं आणखी पांढरं होतं, मागचं काळं जवळपास तसंच राहतं. बर्न ‘शॅडोज’वर ठेवून पार्श्वभूमी काळी करा. एक्स्पोजर कमी ठेवा, दहा-पंधराच्या आसपास, आणि एकाच जागी दोनतीनदा फिरवा.

आणखी एक बारकावा: मास्कवर फिल्टर लावला, म्हणजे मास्कची कड मऊ करायला त्याच्यावर ब्लर चालवला, तर गिम्प ३.० मध्ये तो फिल्टर लगेच मास्कमध्ये मुरतो. नंतर उघडून बदलता येत नाही. मास्कची मूळ प्रत हवी असेल तर आधी त्याचं सिलेक्शन करून ते चॅनल म्हणून साठवा.

फिल्टर लागतच नाही, किंवा एका कोपऱ्यातच लागतो

दहातल्या आठ वेळा कुठेतरी एक विसरलेलं सिलेक्शन असतं. चित्राच्या कोपऱ्यात चार पिक्सेलची चौकट राहिली असेल आणि तुम्ही झूम करून चेहऱ्याकडे बघत असाल, तर फिल्टर लागला तरी दिसणार नाही. गिम्पमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबून सगळं सिलेक्शन सोडा, मग फिल्टर लावा. आधीच लावलेल्या फिल्टरला याचा उपयोग नाही, त्याने ते सिलेक्शन केव्हाच जपलेलं आहे. तो पुसून नव्याने लावावा लागतो.

फिल्टर लागला पण ‘एफएक्स’ची खूण उमटली नाही, तर दोन शक्यता. एक, फिल्टरच्या खिडकीत खाली ‘मर्ज फिल्टर’ अशी खूण असते, ती लावलेली असेल. त्या वेळी फिल्टर थेट पिक्सेलमध्ये मुरतो. प्रत्येक वेळी तिच्याकडे नजर टाका. दुसरी, तो फिल्टर जुन्या पद्धतीचा प्लगइन असेल. गिम्पच्या आतले जे फिल्टर जेगल नावाच्या यंत्रणेवर चालतात तेच नंतर बदलता येतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे खिडकीत ‘स्प्लिट व्ह्यू’ची सोय आहे का ते बघणं. जीमिकसारखा बाहेरून जोडलेला प्लगइन थेट पिक्सेल बदलतो. तो वापरायचा तर आधी लेयरची प्रत काढा.

फिल्टरांची आपसातली रांग

एकाच लेयरवर तीन-चार फिल्टर चढले की यादी खालून वर वाचायची, गिम्पमध्येही आणि फोटोशॉपमध्येही. सगळ्यात खालचा आधी चालतो. नॉइज (फोटोतले दाणे) कमी करणारा फिल्टर खाली आणि शार्पन वर हवा. उलट झालं तर शार्पन आधी दाणे टोकदार करतो आणि मग नॉइजचा फिल्टर त्यांना खरा तपशील समजून सोडून देतो. फोटो खरबरीत दिसतो, आणि माणूस नॉइजचा आकडा वाढवत नेतो, मग कातडी मेणासारखी होते. यादीत दोघांची जागा बदलली की दोन सेकंदांत सुटणारा प्रश्न आहे हा.

कर्व्ह (उजेड-अंधार बदलणारा फिल्टर) आणि ब्लर यांचंही तसंच. मागच्या दिव्यांचे मोठे चमकदार गोल हवे असतील तर ते आधी उजळ करा आणि मग ब्लर लावा. आधी ब्लर लावला की लहानसा दिवा शेजारच्या अंधारात मिसळून फिका होतो, आणि नंतर कर्व्हने उजळलं तर अंधारही त्याच्यासोबत वर येतो.

कर्व्ह, लेव्हल्स असे चार-पाच बदल आठ बिटच्या (रंगाच्या कमी पायऱ्या असलेल्या) चित्रावर साचले तर आकाशात पट्टे पडतात. काम सुरू करतानाच चित्र सोळा बिट करून घ्या. काम मंदावलं तर फिल्टरांच्या यादीतून जड ब्लर तेवढा बंद ठेवून बाकीचं उरका.

लहान केल्यावर ब्लर का वाढतो

मला या अडचणीचं उत्तर सापडायला फार वेळ लागला. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोवर सगळं छान बसवलं. ऑनलाइन टाकायला तीच फाइल १५०० पिक्सेलवर आणली. पार्श्वभूमी एकदम दुधाळ झाली, वलय परत आलं, शार्पनच्या कडा पांढऱ्या पडल्या.

फिल्टर हा आता रंगवलेलं चित्र नसून एक सूचना आहे, आणि त्या सूचनेतला आकडा पिक्सेलमध्ये आहे. चित्र चारपट लहान झालं, आकडा मात्र २०च राहिला. म्हणजे मूळ मापात तो ८० झाल्यासारखा दिसतो. वलयासाठी भरलेली ६० पिक्सेलची पट्टीही आता १५ पिक्सेलची झाली, तिला ब्लर सहज ओलांडतो. फोटोशॉपच्या स्मार्ट फिल्टरचंही असंच होतं. म्हणून कामाची फाइल कधीच लहान करू नका. आधी चित्राची प्रत काढा, गिम्पमध्ये कंट्रोल आणि डी. प्रत सपाट करा म्हणजे सगळे फिल्टर पिक्सेलमध्ये मुरतील, मग ती लहान करा. शेवटचं हलकं शार्पन त्या लहान प्रतीवर, एकास एक झूम ठेवून.

जपायचं कुठे

गिम्पमध्ये फिल्टर जिवंत राहतात ते एक्ससीएफ या त्याच्या स्वतःच्या फाइलमध्येच. जेपेग किंवा पीएनजीमध्ये सगळं सपाट होतं. फोटोशॉपची पीएसडी फाइल करून दुसऱ्याला दिली तरी गिम्पचे फिल्टर तिकडे बदलता येत नाहीत. आणि ३.० मध्ये फिल्टरसकट जपलेली एक्ससीएफ जुन्या २.१० मध्ये उघडत नाही. ज्याच्याकडे अजून जुनी आवृत्ती आहे त्याला फाइल द्यायची असेल तर फिल्टर मुरवलेली वेगळी प्रत करून द्या.

‘मर्ज डाउन’ (लेयर खालच्यात मिसळणं) करतानाही लेयरवरचे फिल्टर मुरतात आणि फाइल बंद केल्यावर ते परत आणता येत नाहीत. एकदा एका छापखान्याकडून माझी फाइल सगळे लेयर एकत्र करून परत आली. वेगळी प्रत ठेवलेली नव्हती, त्यामुळे मुलीच्या गालाजवळचा एक चुकलेला मास्क दुरुस्त करायला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आता बाहेर जाते ती नेहमी सपाट प्रत.

फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी शेवटचं एक. स्मार्ट ऑब्जेक्टची प्रत कंट्रोल आणि जे दाबून काढली तर दोन्ही प्रती आतून एकच राहतात. एकीत शिरून माणूस पुसला की दुसरीतूनही तो जातो. वर सांगितलेली रचना तिथे करताना पार्श्वभूमीची प्रत ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ने काढा, म्हणजे ती स्वतंत्र राहील आणि तुमचा वरचा माणूस जागच्या जागी असेल.